अनाथ या शब्दाचा अर्थ

मी प्राचीन भारतातल्या तुरुंगांचा अभ्यास करतो, असं सांगितलं की समोरून हमखास प्रश्न येतो, "तेव्हा तुरुंग होते?" चाकणकडचा कुणी असेल तर तो एक सूचनाही करतो, "त्यापेक्षा संग्रामदुर्गावर लिहा ना, सर." फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि लिहावंही. पण माझी माणसं लढली की नाही, हेसुद्धा मला माहीत नसतं. ती कोंडलेली होती, एवढंच कळतं.

चिंचवडला राहून मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सकाळच्या तासाला येणारी निम्मी मुलं कुठे ना कुठे कामाला असतात. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण. कुणी रात्रपाळी उतरून थेट वर्गात येतो आणि तिसऱ्या बाकावर झोपतो. मी उठवत नाही. तुरुंगांचं काम रविवारी आणि सुट्टीत चालतं. पूर्वी लोकलनं आणि आता मेट्रोनं पुण्यात जायचं, भांडारकर संस्थेत किंवा डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात बसायचं, संध्याकाळी परत यायचं. या कामाला प्रयोगशाळा लागत नाही. वीस वर्षांत जमवलेला सगळा कच्चा माल एका बाजाराच्या पिशवीत मावेल.

त्या पिशवीत काय काय आहे, ते आधी सांगतो.

सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे कौटिल्याचं अर्थशास्त्र. शामशास्त्रींना त्याची पोथी म्हैसूरला मिळाली आणि १९०९ साली ग्रंथ छापून आला. पुढे मुंबई विद्यापीठानं र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. माझ्या टेबलावर तीच असते. ग्रंथाच्या काळाबद्दल वाद आहेत. पण त्यात तुरुंग आहे, आणि तो इतका तपशीलवार आहे की वाचताना आपण एखाद्या खात्याचं परिपत्रक वाचतोय असं वाटतं. बंधनागारात स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे ठेवावेत, खोल्यांवर पहारा असावा. इतर सरकारी इमारतींप्रमाणे इथेही विहीर, शौचकूप आणि न्हाणीघर हवं, आगीपासून आणि विषापासून बचावाची सोय हवी. त्यासाठी मांजरं आणि मुंगसं पाळावीत. पुढे अधिकाऱ्यांच्या दंडांची यादी येते. कैद्याच्या झोपण्यात, बसण्यात, जेवणात, शौचाला जाण्यात, हिंडण्याफिरण्यात आडकाठी केली तर दंड. अन्नपाणी तोडलं तर ९६ पण. जीव घेतला तर १००० पण. कोंडलेल्या स्त्रीवर हात टाकला तर वेगळा दंड, आणि ती स्त्री दासी की आर्य यावरून त्याची रक्कम कमीजास्त.

ही यादी पहिल्यांदा वाचणारे विद्यार्थी खूश होतात. "बघा सर, आपल्याकडे केव्हापासून मानवाधिकार होते." मी त्यांना माझ्या धंद्यातला साधा नियम सांगतो. ज्या गोष्टीला दंड लावावा लागतो, ती गोष्ट घडत असते. कैद्याला शौचाला जाऊ न देणारा पहारेकरी नसता तर त्याच्यासाठी कलम लिहायची गरज कुणाला पडली असती? ही यादी दयेची आहे तशी गुन्ह्यांचीही आहे, फक्त इथे गुन्हे पहारेकऱ्यांचे आहेत.

मग अशोक. पाचव्या शिलालेखात तो सांगतो, की मी नेमलेले धर्ममहामात्र कैद्यांकडेही लक्ष देतात. कुणाला पोरंबाळं आहेत, कुणी म्हातारा आहे, हे बघून त्यांना मदत करणं, बेड्या काढणं, सोडवणं हे त्यांचं काम. स्तंभलेखांत आणखी दोन गोष्टी आहेत. देहदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत, म्हणजे नातेवाइकांना रदबदली करायला वेळ मिळेल. आणि राज्याभिषेकापासूनच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा कैद्यांची सुटका. महाराष्ट्रात अशोकाचे लेख सोपाऱ्याला मिळाले, पण तुटके. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला, १९५६ साली नवव्याचा. पाचवाही तिथे कधीतरी उभा असणार असं मानायला जागा आहे. आपल्या किनाऱ्यावरचा कैद्यांचा लेख गेला, एवढंच मी म्हणू शकतो.

याखेरीज मनुस्मृती आहे. तिथे राजाला सल्ला आहे, की तुरुंग राजमार्गालगत बांधावेत, म्हणजे हाल झालेले गुन्हेगार येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील. २०२१ सालच्या प्रजासत्ताक दिनी येरवड्याला 'जेल पर्यटन' सुरू झालं, तेव्हा मला हा श्लोक आठवला होता. तिथे दाखवतात ती गांधीजींची, स्वातंत्र्यसैनिकांची जागा, आणि ती बघायला हरकत काहीच नाही. पण तुरुंग बघायला जावंसं वाटणं ही फार जुनी गोष्ट आहे, हे नोंदवून ठेवावं.

एवढ्या सगळ्या मजकुरात कैद्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. सगळं पलीकडून लिहिलेलं आहे. राजानं, राजाच्या सल्लागारानं, धर्मशास्त्रकारानं.

मग जमिनीत काही सापडतं का? बिहारमध्ये राजगीरला एक जागा 'बिंबिसाराचा तुरुंग' म्हणून दाखवतात. जाड दगडी भिंतीनं वेढलेला चौकोन, कोपऱ्यांना गोल बुरूज. आत खोल्यांचे अवशेष मिळाले आणि त्यात एक लोखंडी वळं, टोकाला कडी असलेलं. अजातशत्रूनं बापाला, बिंबिसाराला, कोंडून ठेवलं आणि त्या कोठडीतून म्हाताऱ्या राजाला गृध्रकूटावरचा बुद्ध दिसायचा, अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. या जागेवरून ती टेकडी दिसते. म्हणून वळं ही हातकडी, म्हणून खोली ही कोठडी, म्हणून जागा हा तुरुंग, आणि तोही बिंबिसाराचा.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणजवळ फोर्जिंगच्या शॉपमध्ये काम करतो. बी.ए. झाला, पण इतिहासाची नोकरी कुठली असायला. अधूनमधून घरी येतो. एकदा मी त्याला या वळ्याचं वर्णन वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, हातकडी म्हणजे उघडबंद करायला काहीतरी पाहिजे. बिजागरी नाहीतर रिव्हेट. ते आहे का? आणि झीज कुठल्या बाजूला आहे? माणूस असेल तर आतून गुळगुळीत होईल. दावं बांधलं असेल तर कडीपाशी खाईल." मी म्हटलं, वर्णनात तसं काही नाही. तो म्हणाला, "मग गोठा पण असू शकतो की."

असू शकतो. वर्गात हा किस्सा मी दरवर्षी सांगतो. पुरावा कमी असला की गोष्ट त्याची जागा भरते, आणि करुण गोष्ट तर फार पटकन भरते. इतिहासकाराचं पहिलं काम म्हणजे कळवळ्यापोटी खोटं न बोलणं. जो माणूस तिथे नव्हता त्याला बेडी घालून रडवणं हीसुद्धा बेइमानीच. या शिस्तीचा मला अभिमान होता. पुढे जे झालं ते समजायला हा अभिमान लक्षात ठेवावा लागेल.

दुसरी एक गोष्ट अभ्यासकांच्या जगात बराच काळ गृहीत धरली गेली. ती म्हणजे, तुरुंग ही शिक्षा आधुनिक आहे. प्राचीन काळी माणसाला शिक्षा होईपर्यंत नुसतं धरून ठेवत. उल्पियन नावाच्या तिसऱ्या शतकातल्या रोमन कायदेपंडिताचं मत यासाठी पुढे केलं जातं. तुरुंग माणसं धरून ठेवण्यासाठी असावा, शिक्षेसाठी नसावा, असं तो सांगतो. आपल्याकडेही दंडांची जी प्रसिद्ध चौकडी आहे, वाग्दंड, धिग्दंड, धनदंड, वधदंड, तिच्यात तुरुंग नाही. अर्थात तीच मनुस्मृती दुसरीकडे कोंडणं आणि बांधणं हे दुष्टांना आवरण्याचे उपाय म्हणून सांगतेच. पण चौकडी सगळ्यांना पाठ असते.

भूमध्य समुद्राकडच्या तुरुंगांवर अलीकडे जे काम झालंय, त्यानं हे गृहीतक हलवलं. ग्रीसमधल्या कॉरिंथला एका इमारतीतल्या फरशांवर कोंडलेल्या माणसांनी कोरलेली अक्षरं आहेत. देवाकडे मागणी, ज्यांनी इथे टाकलं त्यांना शाप, आणि सोंगट्या खेळायचे पट. उल्पियनचं मत आणि हा पट शेजारी ठेवून बघा. दोन-चार दिवसांसाठी कुणी दगडात पट कोरत बसत नाही. कायदा सांगतो 'नुसतं धरून ठेवलं होतं', आणि आतला माणूस दगड कोरत बसलेला असतो. हे बघितल्यावर माझं मत बनलं, की वाट बघायला लावणं हीच तुरुंगाची खरी शिक्षा आहे. कायद्यानं तिला शिक्षा म्हणायचं टाळलं, एवढंच. म्हणून तिची मुदत ठरलेली नसते, आणि तिच्याविरुद्ध अपीलही अवघड. एखाद्याला 'तीन वर्षं' असं सांगितलं तर तो उद्यापासून दिवस मोजू शकतो. 'अजून ठरलं नाही' असं सांगितलेल्यानं काय मोजायचं?

आजचा आकडा सगळ्यांना उपलब्ध आहे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती, म्हणजे शंभरातली जवळपास ७६. खटला चालू आहे किंवा सुरूच व्हायचा आहे. दोषी ठरलेली नाहीत, नुसती धरून ठेवलेली. आपले तुरुंग उल्पियनच्या व्याख्येत अजून चपखल बसतात. हा आकडा मी एका परिसंवादात वापरला होता. टाळ्या मिळाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी तो फोर्जिंगवाला विद्यार्थी एका रविवारी घरी आला. बसला, पाणी प्यायला, आणि लगेच मुद्द्यावर आला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याच्या खोलीत पाच जण राहतात. नाणेकरवाडीकडे दहा बाय बाराची खोली, दोन पाळ्यांत झोपायचं. त्यातला एक मुलगा बिहारचा, एका ठेकेदाराकडे हेल्पर. भंगार चोरीच्या एका प्रकरणात चौघांना धरलं, त्यात हाही होता. जामीन मंजूर झाला होता. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. बाकीचे तिघे सुटले. हा आतच होता, कारण जामीनदार मिळत नव्हता.

"तूच राहा की," मी म्हणालो.

"सर, मी भाड्याच्या खोलीत. गावाकडचा सातबारा वडलांच्या आणि चार चुलत्यांच्या नावावर आहे. वडील येतील हो, पण एवढ्या लांबून, आणि चुलते सह्या देणार नाहीत." थोडा थांबून म्हणाला, "तुमचा फ्लॅट आहे ना. घरपट्टीची पावती लागते फक्त."

मी म्हणालो, "बघतो."

मराठीत 'बघतो' म्हणजे काय ते त्यालाही माहीत होतं. तो चहा पिऊन गेला.

त्या आठवड्यात मी काय करत होतो, तेही सांगायला पाहिजे. अर्थशास्त्रातल्या कैद्यांच्या सुटकेच्या परिच्छेदाचं मराठी भाषांतर आणि त्यावरचं टिपण पूर्ण करत होतो. राजाच्या जन्मनक्षत्राच्या दिवशी आणि पौर्णिमेला बंधनागारातून चार प्रकारच्या माणसांना सोडावं, असं तिथे सांगितलंय. बाल, वृद्ध, व्याधित, अनाथ. पुढे आणखी व्यवस्था आहे. पुण्यशील लोकांनी किंवा कराराने बांधलेल्या गटांनी कैद्याच्या अपराधाचं मोल भरून त्याला सोडवावं. आणि रोज किंवा दर पाच दिवसांनी कामावर, शारीरिक दंडावर किंवा पैशावर तुरुंग मोकळा करावा. नवा मुलूख जिंकला, युवराजाला अभिषेक झाला, राजाला मुलगा झाला, तरी सुटका. माझ्या खर्ड्यात चार शब्द असे उतरले होते: 'मुलं, म्हातारे, आजारी आणि पोरके'.

रात्री हे टंकताना मला त्या मुलाची आठवण येत नव्हती असं नाही. यायची, आणि तिच्या जोडीला कारणंही यायची. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, बायकोला विचारायला हवं. मुलाचं शिक्षण चालू आहे. तो मुलगा गावी निघून गेला तर पंधरा हजार माझ्याकडून वसूल होणार, आणि रकमेपेक्षा जास्त म्हणजे कोर्टाची नोटीस दारात येणार. सोसायटीत काय सांगायचं? त्यानं भंगार उचललंय की नाही, हे तरी कुठे ठाऊक आहे? शिवाय जरा वरच्या पट्टीतली कारणं होती. इतिहासकार हा काही समाजसेवक नव्हे. त्याची बांधिलकी सत्याशी. वर्तमानातल्या दुःखासाठी भूतकाळ वापरायचा नाही, हे मीच तर शिकवत आलो. आणि एकासाठी उभं राहायचं तर मग चार लाख चौतीस हजारांचं काय?

यातलं एकही कारण खोटं नव्हतं. म्हणूनच त्यांच्यावर मी अठरा दिवस काढले.

या काळात मला जामिनाचा कायदा चांगला कळला, कारण न करण्याची कारणं शोधताना माणूस वाचन भरपूर करतो. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं १९७८चं प्रकरण त्यात भेटलं. त्याला दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितलं होतं. भाऊ उभा राहायला तयार होता, पण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारलं गेलं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या आदेशाची चांगली झाडाझडती घेतली आणि मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. २०२३च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं पुन्हा निर्देश दिले, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, अशा वेळी ती अट घालू नये. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी तेच सांगावं लागलं. इथे माझा जुना नियम मला आठवला. जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते घडत असतं. पहारेकऱ्यांच्या दंडाच्या यादीसारखंच.

आणि मग मी 'पोरके' या शब्दापाशी अडलो.

अडण्याचं कारण विद्वत्तेचं नव्हतं. प्रूफ वाचत होतो. यादीत मुलं आधीच आहेत. मग पोरके वेगळे कशाला? आईबाप नसलेलं मूल हे 'बाल'मध्ये आलंच. आणि आईबाप नसलेला पन्नाशीचा माणूस, त्याच्यावर एवढी मेहेरबानी का करावी? मी कोश उघडला. तिथे काही गुप्त नव्हतं. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही तो. नाथ म्हणजे रक्षण करणारा, ज्याच्याकडे दाद मागता येते असा. कंगल्यांनीही इंग्रजीत 'असहाय' अशाच अर्थाचा शब्द घातलाय. मराठीत हा शब्द आकसून आश्रमातल्या लेकरांपुरता उरला आणि मी तो आकसलेला अर्थ दोन हजार वर्षं मागे नेऊन चिकटवला होता.

यादी नीट वाचली की सरळ आहे. या ओळीच्या मागेपुढे सगळी सुटका कुणीतरी बाहेरून यावं यावरच चालते. नातेवाईक येतात, पुण्यशील माणसं मोल भरतात, एकत्र बांधलेले गट भरतात. अशोकही तीन दिवस देतो ते नातलगांसाठीच. ज्याच्यासाठी बाहेर कुणी नाही, त्याचं काय करायचं? त्याच्यासाठी हा चौथा शब्द आहे. मूल, म्हातारा आणि आजारी यांना शरीरानं दुबळं केलंय. चौथा धडधाकट असेल, वीस-बावीस वर्षांचा असेल, गावी आईबाप जिवंत असतील. त्याच्यापाशी नसतो तो फक्त जामीनदार.

हे कळल्यावर मला आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. चांगली टीप मिळाल्याचा आनंद. तो पाच-एक मिनिटं टिकला. मग लक्षात आलं, की या शब्दाचा अर्थ मला नाणेकरवाडीतल्या एका पोरामुळे कळला आणि तो पोरगा अजून आतच आहे.

ज्ञानामुळे कर्तव्य निर्माण होतं का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. माझ्यापुरतं एवढंच म्हणतो, की हे कर्तव्य होतं असं मला आजही सिद्ध करता येत नाही. सगळ्यांसाठी करता येत नाही म्हणून एकासाठीही करू नये, हे मात्र मला कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही. ते चार लाख चौतीस हजार माझ्या दारात आलेच नव्हते. आला होता एक जण, तोही दुसऱ्याच्या तोंडून. आणि 'मला कल्पना नव्हती' ही सोय मला उरलेली नव्हती. कल्पना हाच माझा धंदा होता.

बायकोला विचारलं. ती म्हणाली, "एवढे दिवस तू यावर विचार करत होतास?" तिनं सहीचा कागद पुढे ओढला.

एकोणिसाव्या दिवशी कोर्टात गेलो. घरपट्टीची पावती, आधार, पॅन, फोटो. जामीनदाराला प्रतिज्ञापत्र करावं लागतं, की याआधी आपण आणखी कुणाकुणासाठी जामीन राहिलो आहोत. तिथे 'कुणासाठी नाही' असं लिहिलं. वकील म्हणाले, "आरोपीशी नातं काय लिहू?" मी गप्प. त्यांनीच 'ओळखीचा' असं लिहून टाकलं. मी त्याला तोपर्यंत पाहिलेलंही नव्हतं.

मृच्छकटिकात एक प्रसंग आहे. देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, त्यामुळे आपल्याकडे वसंतसेना आणि चारुदत्त ठाऊक असतात. पण त्यात एक कैदीही आहे. आर्यक. राजानं भविष्यवाणीला घाबरून त्याला कोंडलेलं असतं. तो पळतो आणि एका पायात बेडी घेऊन चुकून चारुदत्ताच्या गाडीत बसतो. चारुदत्त त्याला बघतो, अभय देतो, बेडी काढायला लावतो, आणि मग मित्राला सांगतो, की ती जुन्या विहिरीत टाकून दे, राजाचे हेर सगळीकडे असतात. हा प्रसंग मी 'बेडीचा वाङ्मयीन पुरावा' म्हणून कित्येक वेळा वापरला होता. आता त्यातली दुसरीच गोष्ट दिसते. चारुदत्त कंगाल झालेला माणूस आहे, पण तो हिशेब करत नाही, निदान रंगमंचावर करताना दिसत नाही. आणि दया केल्यावर तिचा पुरावा तो स्वतःच विहिरीत टाकतो. दंडांच्या याद्या उरल्या, सुटकांचे आकडे राजानं खांबावर कोरून ठेवले. पण कुणी कुणासाठी उभं राहिलं, याची नोंद कुठून सापडणार? माझ्या पिशवीतल्या पुराव्यात माणसं इतकी एकटी दिसतात, ती सगळीच तशी नसतीलही.

त्या मुलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुटल्यावर त्यानं हात जोडले, मग मोबाइल परत कधी मिळेल हे विचारलं, मग कामाचं. ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला होता, गेटपास रद्द. आता तो कुरुळीकडे एका पॅकिंगच्या शेडमध्ये जातो. मी त्याला भंगाराबद्दल विचारलेलं नाही. खटला चालू आहे, आणि ते ठरवणं माझं काम नाही.

तारखेला तो येतो. एकदा मात्र दुपारी बारापर्यंत आला नाही. फोन बंद. फोर्जिंगवाला पहिल्या शिफ्टला, त्याचाही लागेना. मी कोर्टाबाहेरच्या टपरीवर तीन तास बसलो होतो. त्या तीन तासांत मी काय काय विचार केला, तो सगळा इथे लिहिणार नाही. एवढं सांगतो, की पलायन रोखण्यासाठी पहारा असावा, बेडी असावी, हे लिहिणाऱ्याचं मन मला तेव्हा आतून कळलं. वीस वर्षं मी स्वतःला कैद्याच्या बाजूचा समजत होतो. तीन तास पंधरा हजारांची जोखीम अंगावर आली आणि मी पलीकडे जाऊन उभा राहिलो. तीनच्या सुमाराला तो पळत आला. चाकणच्या चौकात बस अडकली होती. त्या चौकात कोण अडकत नाही? मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "सॉरी सर." मग मी त्याला वडापाव घेऊन दिला, आणि तोही मला बरं वाटावं म्हणून.

टिपण छापून आलं आहे. 'पोरके' काढून तिथे 'ज्यांच्यासाठी उभं राहणारं कुणी नाही असे' हे लांबलचक भाषांतर घातलं. संपादकांनी विचारलं, एका शब्दासाठी एवढे शब्द कशाला? मी कोशाचा आधार दिला, यादीच्या रचनेचा दिला. दोन्ही आधार पक्के आहेत. तिसरा तळटीपेत बसणारा नव्हता.

पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. घरपट्टीची नवी पावती आली, ती फाइलला लावून ठेवली आहे.